साठा वेगळा, ठेवा वेगळा

‘मोबाईल भरला’ ही ओरड आज घरोघर ऐकू येते. एकेकाळी पाण्याचा पिंप भरला की घरातल्या बाईला हायसे वाटायचे. आता मोबाईल भरला की घरात भांडण लागते. मुलगा म्हणतो, माझ्या गेमला हात लावायचा नाही. मुलगी म्हणते, माझे अभ्यासाचे व्हिडिओ काढायचे नाहीत. वडिलांनी रात्रपाळीवरून येताना गाडीत बघायला दोन-तीन सिनेमे भरून ठेवलेले असतात. मग जागा करायची कुठून? नकळत बोट जाते ते जुन्या फोटोंवर आणि लहानसहान व्हिडिओंवर. कुठेही पुन्हा मिळेल असा अडीच तासांचा सिनेमा तसाच राहतो, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आजीचा, चुलीपुढे बसून बोलतानाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ पुसला जातो. आठ दिवसांनी आठवण होते आणि घर हळहळते. पण तोवर उशीर झालेला असतो.

वाचकहो, आज आम्हाला याच गोष्टीवर तुमच्याशी बोलायचे आहे. सिनेमे, गाणी, गेम, फोटो यांचा एवढा ढीग आपल्या घरात यापूर्वी कधीच नव्हता. पण या ढिगातले नेमके काय जपायचे आणि ते कसे जपायचे, याचा विचार घरात कोणी करत नाही.

या विषयावर वस्तीत चार माणसे बसली की तीन मते हमखास ऐकायला मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “हे सगळे रिकामपणाचे उद्योग. सिनेमा आणि गेम पोटाला भाकरी देतात का?” तरुण पोरे म्हणतात, “काका, साठवायचे कशाला? सगळे नेटवर आहे. पाहिजे तेव्हा बघायचे.” आणि चार बुके जास्त शिकलेले म्हणतात, “आम्ही सगळे हार्ड डिस्कमध्ये टाकून ठेवले आहे, काळजी नाही.” तिन्ही मतांत थोडे थोडे खरे आहे, पण तिघांचाही एक घोटाळा होतो. साठा आणि ठेवा यातला फरक ते करत नाहीत. जे गेले तरी बाजारात पुन्हा मिळते तो साठा. जे एकदा गेले की जगात कुठेच मिळत नाही तो ठेवा. घरातले धान्य संपले तर रेशनवरून आणता येते, पण आईच्या हातची गोधडी दुकानात मिळत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुढचे सगळे सोपे होते.

यंत्रे येतात आणि मुकी होतात

सिनेमा आपल्या घरात कसा आला ते आठवून पाहा. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले, रंगीत टीव्ही आला. त्यानंतर चाळीत, वस्तीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत पडली. सतरंज्या टाकायच्या, शेजारच्या गल्लीतल्यांनाही बोलवायचे आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे उडवायचे. सकाळची पाळी असलेला माणूस दुसऱ्या सिनेमातच पेंगायचा. पुढे सीडी आली. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटेच मावायची, म्हणून एका हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या लागायच्या आणि नेमकी शेवटची चकती चरा पडून अडकायची. मग मेमरी कार्ड भरून देणारी दुकाने निघाली, पेन ड्राइव्ह आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले, सुरुवातीचे काही महिने नेट फुकट मिळाले आणि सिनेमा प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला.

प्रत्येक नवी वस्तू आली की जुने यंत्र माळ्यावर गेले, आणि यंत्राबरोबर त्यावर चालणारी वस्तूही मुकी झाली. व्हीसीआर बनवणारी शेवटची प्रसिद्ध कंपनी जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले. कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचे उत्पादन सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. म्हणजे ज्यात आपण भरून ठेवतो ती वस्तूच काही वर्षांत बाजारातून उठते. आज कितीतरी घरांत मंगल परिणयाची कॅसेट कपाटात साडीखाली जपून ठेवलेली आहे. तिच्यात तीस वर्षांपूर्वीचे आईवडील आहेत, आता नसलेले मामा आहेत, वरातीत नाचणारी पोरे आहेत. पण ती कॅसेट लावायची कशावर?

रिकामपणाचा उद्योग?

आता वडीलधाऱ्यांच्या मताकडे वळू. त्यांचा राग आम्हाला समजतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पोरगा मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला दिसला की संताप येणारच. पण चित्र आणि आवाज जपणे हा रिकामपणाचा उद्योग मात्र नव्हे.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला, आणि गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. आज त्या सिनेमाची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्याकडच्या मूकपटांपैकीही बहुतेक नाहीसे झाले. त्या काळी फिल्मवर चांदीचा अंश असे, तो काढून विकण्यासाठी कितीतरी जुनी रिळे भंगारात गेली. सिनेमे जपण्यासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभे राहिले ते १९६४ साली, म्हणजे ‘आलम आरा’नंतर तेहेतीस वर्षांनी. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच साठवणीच्या जागेला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म मोठ्या संख्येने जळाल्या. ज्यांच्यामागे कंपन्या होत्या, पैसा होता, सरकार होते, त्या सिनेमांची ही गत. मग आपल्या पत्र्याच्या पेटीतल्या कॅसेटीची काळजी आपणच घेतली नाही, तर दुसरे कोण घेणार?

आणि जपले तर काय होते तेही पाहा. बीबीसीने १९५५ साली बाबासाहेबांची मुलाखत घेतली होती. ती आज कोणीही मोबाईलवर ऐकू शकतो. पुस्तकात शब्द मिळतात. पण ते कुठे थांबतात, कुठे ठासून बोलतात, हे आवाजातूनच कळते. कोणीतरी तो आवाज मुद्रित केला आणि कोणीतरी तो पुसू दिला नाही, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसे होती. तर मग जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून कष्टकरी बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या हजारो ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यात बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया त्या लोकांपुढे आणत आहे. या बाया काही नामवंत गायिका नव्हत्या. शेतात, रोजगारावर जाणाऱ्या बाया होत्या. गिरणीतून पीठ येऊ लागले, घरातले जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी ओठावरून उतरली. पण ज्यांचा आवाज टेपवर राहिला त्यांची नातवंडे आज तो ऐकू शकतात. आमच्या मते याला रिकामपणाचा उद्योग म्हणता येणार नाही.

‘सगळे नेटवर आहे’

आता तरुणांचे मत घेऊ. नेटवर पुष्कळ आहे, हे खरे. पण ते कोणाच्या मालकीचे आहे? भाड्याच्या खोलीला आपण कितीही रंग लावला, लाद्या बसवल्या, तरी खोली मालकाचीच राहते. नेटवर पैसे भरून घेतलेला सिनेमा किंवा पुस्तक हे बहुतेक वेळा असेच भाड्याचे असते. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्याच गिऱ्हाइकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रातून परस्पर काढून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण घरात आलेले पुस्तक दुकानदार येऊन उचलून नेतो, हे लोकांनी पहिल्यांदाच पाहिले. पुढे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे असा माल ‘विकत घ्या’ म्हणून विकायचा असेल, तर तुम्हाला मालकी मिळत नाही, फक्त वापरण्याचा परवाना मिळतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. महिन्याच्या वर्गणीवर सिनेमे बघतो तिथेही कंपनीचा करार संपला की कालचा सिनेमा आज गायब होतो. त्यात कंपनीची काही लबाडी नसते. माल मुळात आपला नसतोच.

आपण स्वतः चढवलेल्या गोष्टींचेही तेच. ‘मायस्पेस’ नावाच्या एके काळच्या मोठ्या संकेतस्थळावरची सुमारे बारा वर्षांची गाणी सामान हलवताना नष्ट झाली. हे मार्च २०१९ मध्ये जगाला कळले. गुगलची १५ जीबी जागा फुकट मिळते. पण दोन वर्षे ज्या खात्यात कोणी फिरकत नाही असे घरगुती खाते गुगल काढून टाकू शकते, आणि डिसेंबर २०२३ पासून ते काम सुरूही झाले. वडील वारले, त्यांचा फोन कपाटात गेला, कुलपाचा शब्द कोणाला ठाऊक नाही. मग त्या खात्यातले फोटो दोन वर्षांनी राहतील की जातील, हे सांगता येणार नाही. बँकेच्या पुस्तकावर वारस लावायला आपण विसरत नाही. तसाच या खात्यांचाही वारस लावायला हवा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. काल लागलेला सिनेमा आज पेन ड्राइव्हवर फुकट फिरतो, त्याचा मोह धरू नका. सिनेमागृहात बसून सिनेमा चोरून उतरवणाऱ्याला २०२३ च्या सुधारित कायद्याने तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. अशा फायलींबरोबर संगणकाला रोग लागतो तो वेगळाच. दोनशे चोरीचे सिनेमे जमवण्यात फुशारकी कसली? हा तर साठाही नव्हे, नुसता कचरा.

पोरांचे गेम

गेमच्या बाबतीतही घरात दोन टोके दिसतात. एक म्हणतो फोडून टाका तो मोबाईल. दुसरा म्हणतो खेळू द्या, निदान बाहेर तरी भटकत नाही. आम्हाला दोन्ही पटत नाही. खेळ वाईट नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम ज्यांच्या घरात होता, त्यांच्याकडे सगळ्या गल्लीतली पोरे जमायची. मारिओ, कॉन्ट्रा खेळायची, कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. त्या गेमची एक गोष्ट चांगली होती. एकदा कॅसेट आणली की खर्च संपला. ती कॅसेट आजही कोणाच्या माळ्यावर असेल आणि यंत्र धड असेल, तर चालेल.

आजचा गेम तसा नाही. त्याची किल्ली कंपनीकडे असते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. ऑक्टोबरअखेर तो इथे चालायचा थांबला. २०२१ मध्ये नव्या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा उतरवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या काळात ज्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून खेळातल्या माणसाला रंगीत कपडे आणि बंदुका घेतल्या होत्या, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. परदेशात तर पैसे देऊन विकत घेतलेला ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा गेम युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी आपली यंत्रणा बंद करून कायमचा थांबवला. म्हणून पोरांना ओरडण्यापेक्षा हे समजावून सांगा, की बाळा, खेळ जरूर, पण त्यातली टोपी आणि बूट विकत घेऊ नकोस. ती टोपी तुझी कधीच नसते.

पैसे लावून खेळायच्या गेमपासून मात्र चार हात दूरच राहावे. रमी म्हणा, पत्ते म्हणा, क्रिकेटचा संघ लावणे म्हणा, त्यात पगारच्या पगार गेले आणि घरे कर्जात बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. जाहिरात करणाराही सुटत नाही. पण कायदा झाला म्हणून मोह संपत नाही. कोणी चोरवाटेने असा गेम पाठवला तर उघडू नका. फसवणुकीत पैसे गेले तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

‘हार्ड डिस्कमध्ये आहे, काळजी नाही’

आता राहिले तिसरे मत. त्यांना आम्ही अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या कार्टून सिनेमाचे काम चालू होते. कोणीतरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली आणि डोळ्यांदेखत सिनेमा पुसला जाऊ लागला. बहुतेक सगळा गेला. दुसरी प्रत काढून ठेवलेली होती, ती उघडली, तर तीही नीट नव्हती. एवढी मोठी कंपनी, आणि महिन्यामहिन्यांचे काम हवेत विरले. वाचवले कोणी? गॅलिन सस्मन नावाच्या एका बाईंनी. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकात सिनेमाची प्रत होती. तो संगणक चादरींत गुंडाळून गाडीतून जपत जपत कचेरीत आणला, आणि सिनेमा वाचला.

या गोष्टीतून दोन धडे घ्यावेत. एक, दुसरी प्रत ठेवणे पुरेसे नाही, ती उघडून पाहिली पाहिजे. दुसरा, एक प्रत दुसऱ्या छपराखाली असली पाहिजे.

हार्ड डिस्कमध्ये आत चकती फिरते. टेबलावरून पडली, फिरताना धक्का बसला, की खेळ खलास. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात फिरणारे काही नसते, पण वर्षानुवर्षे न लावता ठेवले तर त्यातले भरलेले हळूहळू विरू शकते. घरी भरलेल्या सीडीचा रंगाचा थर उन्हाने, दमटपणाने खराब होतो. कॅसेटच्या फितीला पावसाळ्यात बुरशी धरते. यातले कोणतेच साधन जन्मभर पुरणारे नाही.

करायचे काय?

पहिले काम, एक वही घ्या. घरात काय काय आहे ते लिहा. लग्नाची कॅसेट, नामकरणाचे फोटो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओ, आजोबांच्या आवाजातली टेप. प्रत्येकासमोर लिहा, हा साठा की ठेवा. सिनेमांपुढे बहुधा ‘साठा’ येईल, आजोबांपुढे ‘ठेवा’. जागा कमी पडली तर साठ्यातले काढायचे, ठेव्याला हात लावायचा नाही. हे ठरवताना घरातल्या बाईचे मत आधी घ्या. कारण कोणते नाते कोणत्या फोटोत आहे हे तिलाच माहीत असते, आणि आजवर फोन रिकामा करताना तिलाच कोणी विचारले नाही.

दुसरे काम, कॅसेटी फायलीत उतरवून घ्या. व्हीसीआर चालू असलेले फोटो स्टुडिओ अजून काही ठिकाणी आहेत, पण दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. कॅसेटच्या काचेतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालू नका, फीतही जाते आणि यंत्रही बिघडते. जाणकाराकडूनच साफ करून घ्या. नुसती सीडी घेऊन येऊ नका, फाइल पेन ड्राइव्हवर मागा, आणि मूळ कॅसेट आठवणीने परत आणा.

तिसरे काम, फायलीला नाव द्या. नुसत्या आकड्यांच्या नावाची फाइल दहा वर्षांनी कोणालाच कळणार नाही. ‘१९९४ आत्याचे लग्न नांदेड’ असे लिहिले की पणतूलाही कळेल.

चौथे काम, तीन प्रती करा. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने सोपा नियम सांगितला आहे. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक घरी हार्ड डिस्कमध्ये, एक पेन ड्राइव्हवर लेकीच्या सासरी किंवा गावी भावाकडे, आणि एक नेटवर. दुसरी जागा का, हे २६ जुलै २००५ ज्यांनी अनुभवला त्यांना सांगायला नको. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्याच्या खोल्यांत पाणी शिरले आणि कितीतरी घरांचे फोटोंचे अल्बम, कॅसेटी, शाळेचे दाखले चिखलात गेले. एकाच पेटीत तीन प्रती ठेवल्या तर तीनही एकाच पुरात जातात.

पाचवे काम, वर्षातून एकदा तपासणी. पावसाळ्यापूर्वी आपण कौले चाळतो, ताडपत्री टाकतो. त्याच सुमारास सगळ्या प्रती उघडून पाहायच्या. पाच-सहा वर्षे झाली की नव्या साधनावर उतरवून घ्यायच्या.

विकत घेताना सावध राहा. रस्त्यावर अगदी स्वस्तात एक-दोन टीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला, तर तो बहुधा नकली असतो. संगणकात आकडा मोठा दिसतो, पण आत जागा थोडीच असते आणि पुढचे भरताना मागचे बिघडते. नवा आणला की आधी तो साठ्यातल्या सिनेमांनी पूर्ण भरून पाहा, शेवटची फाइल नीट उघडते का ते तपासा, मगच ठेवा त्यात टाका. सिनेमे कामाला येतात ते असे! जागा असूनही ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, तर पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेला असतो. तो नव्याने आखून घेता येतो, पण आखताना आतले सगळे पुसले जाते, हे विसरू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, चित्र पुसट होते. कुटुंबाचा व्हिडिओ पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

हे सगळे वाचून घरातल्या थोरांना वाटेल, आम्हाला हे कुठे जमणार? तुम्हाला जमले नाही तरी चालेल. दिवसभर गेम खेळतो म्हणून ज्याला तुम्ही बोलता, त्याच पोराला हे येते. त्याच पोरीला हे येते. त्यांच्या हातात वही द्या आणि सांगा, की बाळांनो, घराच्या ठेव्याचे राखणदार आता तुम्ही. जबाबदारी मिळाली की पोर मोबाईलकडे वेगळ्या नजरेने बघू लागते.

आणि त्याच पोरांना आणखी एक काम द्या. घरात कोणी थकलेले माणूस असेल, तर रविवारी त्यांच्यासमोर बसा. पंखा, टीव्ही बंद करा, मोबाईल आडवा धरा आणि विचारा. आजी, १९७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेलात तेव्हा घरी कोण होते? आजोबा, १९८२ चा गिरणीचा संप झाला तेव्हा चूल कशी पेटत होती? मामा, नामांतराच्या वेळी तुम्हाला कुठल्या तुरुंगात ठेवले होते? पहिल्यांदा ते म्हणतील, त्यात काय सांगायचे! थोडे थांबा. मग बोलू लागतील. कोणत्याही कंपनीने हा सिनेमा काढलेला नाही आणि कोणी काढणारही नाही. तो फक्त तुमच्या घरात मिळतो, आणि तो सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत.

येत्या रविवारी मोबाईल भरला असेल, तर दोन सिनेमे काढून टाका. ते पुन्हा मिळतील.